वाचणाऱ्यालाही शरीर असतं

दिवाळी नुकतीच संपली होती. चार दिवाळी अंक आणि सहाशे पानांची एक कादंबरी उशाशी पडून होती. दिवसभर काम आणि पाहुणे, त्यामुळे वाचन रात्री अंथरुणात, मानेखाली दोन उशा घेऊन चालायचं. पाचव्या रात्री दीड वाजता कादंबरी संपली. सकाळी उठलो तर मान डावीकडे वळेना. रस्ता ओलांडताना गाडी येते का हे पाहायला अख्खं धड वळवावं लागत होतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी खांद्याजवळ एका जागी बोट दाबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "काही वजन उचललंत का?" त्यांनी विचारलं. "नाही." "मग?" मी म्हटलं, "वाचत होतो." त्यावर त्यांनी विचारलं, "कसे वाचता?"

पन्नाशीला आलो तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काय वाचता, किती वाचता, कुणाचं वाचता, हे सगळे विचारतात. बसता कसे, उजेड कुठून येतो, पुस्तक कशावर ठेवता, थांबता कधी, हे कुणी विचारत नाही. वाचन हे मनाचं काम, अशी आपली पक्की समजूत. पण पान वाचतात ते डोळे, डोकं तोलते ती मान, तासन्‌तास दबते ती कंबर, आणि रात्रीच्या प्रकरणाची किंमत मोजते ती झोप. वाचनाची आवड आयुष्यभर टिकवायची असेल तर या सगळ्यांची सोय लावावी लागते. गंमत म्हणजे ही सोय आपल्याकडे पूर्वी होती. ती वाचनालयात होती.

उतरतं मेज

माझ्या लहानपणीच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय एका जुन्या वाड्याच्या माडीवर होतं. जिना चढून गेलं की मोफत वाचनकक्ष. भिंतीला लागून छातीइतक्या उंचीची लाकडी मेजं, वरचा भाग उतरता. त्यावर वर्तमानपत्रं पसरलेली, मधोमध पट्टीनं अडकवलेली. मंडळी उभ्यानं वाचायची. अग्रलेख वाचून झाला की शेजारच्या मेजाकडे सरकायची. अशी वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ सालची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. या संस्थांनी आपल्याला पुस्तकं दिली हे आपण कृतज्ञतेनं सांगतो. त्यांनी वाचणाऱ्याच्या शरीरालाही काही दिलं, हे मान धरल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यातलं पहिलं म्हणजे ते उतरतं मेज. प्रौढ माणसाच्या डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५.५ किलो असतं. डोकं ताठ असतं तेव्हा हा भार मणक्यांवर सरळ उतरतो. मान पुढे झुकली की तोच भार मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर पल्ला गाठता येतो. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. न्यूयॉर्कमधले मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर याचा हिशेब मांडला. मान १५ अंश झुकली तर मानेवरचा ताण सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८ किलो आणि ६० अंशांना तब्बल २७ किलो. हे गणित आहे, जिवंत माणसांच्या मानेवर केलेलं मोजमाप नव्हे. तरी मांडीवरच्या पुस्तकात किंवा हातातल्या फोनमध्ये दोन तास डोकं घातलेल्या कुणालाही त्याची दिशा पटेल.

उपाय साधा आहे. डोकं पुस्तकाकडे नेण्याऐवजी पुस्तक डोक्याकडे आणायचं. टेबलावर पाट तिरका टेकवला किंवा दोन जाडजूड शब्दकोशांचा आधार दिला तरी चालतं. खुर्चीत बसून मांडीवर तक्क्या घेतला आणि त्यावर पुस्तक ठेवलं, तर मान आणि मनगट दोन्ही सुटतात. चौरंगावर ठेवलेली पोथी आणि समोर ताठ बसलेला वाचक, ही पारायणाची बैठकही हेच साधते. अंथरुणात वाचायचंच असेल तर पाठ भिंतीला टेकवून बसावं. मानेखाली उशा रचून हनुवटी छातीला लावू नये.

खिडकी आणि चाळिशी

दुसरं म्हणजे उजेड. माडीवरच्या त्या खोलीला मोठ्या खिडक्या होत्या आणि मेजं खिडक्यांच्या अंगाला होती. मंद उजेडात वाचल्यानं डोळे कायमचे जातात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत तसा पुरावा नाही. मात्र डोळे लवकर थकतात, कपाळ ठणकतं आणि नकळत आपण पुस्तकावर झुकतो, म्हणजे मान पुन्हा अडकते. दिव्याचा उजेड खांद्यामागून पानावर पडावा, डोळ्यांवर नव्हे.

जवळचं पाहताना डोळ्यातल्या भिंगाला फुगवटा देणारा एक बारीक स्नायू सतत आवळलेला असतो. नजर लांब गेली की तो सैल पडतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ एक सोपा नियम सांगतात: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडचं काहीतरी, २० सेकंद पाहा. खिडकीतून दिसणारं झाड, समोरच्या इमारतीची गच्ची, काहीही चालेल. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी स्क्रीनवर नजर खिळली की निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. फोनवर वाचणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात ते यामुळे. अधूनमधून मुद्दाम डोळे मिटावेत.

चाळिशीच्या सुमारास भिंग कडक होऊ लागतं आणि वर्तमानपत्र हात लांब करून धरावं लागतं. हे इतकं ठरलेलं आहे की मराठीत त्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' पडलं. पण अनेक जण हा चष्मा रस्त्यावरून तयार घेतात किंवा वर्षानुवर्षं टाळतात, आणि "हल्ली वाचन होत नाही" म्हणतात. कित्येकांचं वाचन आळसानं नव्हे, नंबर वाढल्यानं सुटलेलं असतं. शिवाय डोळे तपासून घेण्याचं त्याहून मोठं कारण आहे. काचबिंदू बहुतेकदा सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही आणि मधुमेह डोळ्याचा पडदा गुपचूप पोखरतो. चाळिशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी पडद्याची तपासणी, हे वाचकानं पुस्तकखरेदीइतकंच आवडीनं करावं.

अक्षराच्या आकाराबद्दल समर्थ रामदासांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी हौसेनं फार बारीक अक्षरात लिहिलं तर म्हातारपणी ते कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचं अक्षर काढावं, असं ते बजावतात. ग्रंथ उतरवणाऱ्याला त्यांनी वाचणाऱ्याच्या म्हातारपणाची आठवण दिली. आज फोनवर किंवा ई-वाचकावर अक्षर मोठं करणं एका बोटाचं काम आहे. ते करण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मूल वाचतं याचा आनंद मानावाच, पण त्याला रोज मैदानावरही पाठवावं. उघड्यावरच्या प्रकाशात पुरेसा वेळ गेलेल्या मुलांमध्ये लांबचं पाहण्यासाठी चष्मा लागण्याचं प्रमाण कमी राहतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं बाहेर असावं, असा कार्यक्रमच हाती घेतला.

जाण्या-येण्याची वाट

तिसरं म्हणजे चालणं. पुस्तक बदलायला वाचनालयात जावं लागे. घरून दहा मिनिटं जायला, दहा मिनिटं यायला, वर जिना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा. १५० मिनिटांना सातानं भागलं तर रोजची जेमतेम २२ मिनिटं होतात. म्हणजे वाचनालयाची एक फेरी, पावलं थोडी झपाझप टाकून.

आता पुस्तक घरपोच येतं, त्यामुळे ती फेरी आपल्याला वेगळी काढावी लागते. माझा नियम साधा आहे: प्रकरण संपलं की उठायचं. पाणी प्यायचं, गॅलरीत जायचं, खांदे गोल फिरवायचे. वाचलेलं मनात मुरायला ही पाच मिनिटं फार चांगली असतात. संध्याकाळच्या फेरीत कधी ऑडिओ बुक ऐकतो. डोळ्यांना सुटी आणि पायांना काम मिळतं, फक्त रस्ता ओलांडताना कान मोकळे ठेवतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार पाहिलंत तर वाचन आणि चालणं किती सहज जमतं हे कळेल. मे २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हा गावातल्या २५ ठिकाणी पुस्तकं मांडली गेली. एका घरी कविता, दुसऱ्या घरी चरित्रं. पुढचं पुस्तक हवं असेल तर उठून चालावंच लागतं.

आठची घंटा

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. वाचनालय बंद व्हायचं. आमच्याकडे आठला ग्रंथपाल खिडक्या लावायला लागायचे आणि "चला, दिवे घालवतो" म्हणायचे. रहस्यकथेचं कितीही रंगलेलं प्रकरण असो, तिथं थांबावं लागे.

घरी ही घंटा वाजत नाही. फोनवर तर नाहीच, कारण तिथं शेवटचं पानच नसतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ जणांना पाच रात्री प्रकाशमान टॅबलेटवर आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचायला दिलं. टॅबलेटच्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलॅटोनिन दबलं गेलं आणि सकाळी मरगळ जास्त राहिली. माणसं थोडी होती, पण निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळणारा आहे. म्हणून झोपण्यापूर्वी वाचायचं तर कागदावर वाचावं, आणि कागदावरही वेळ ठरवून. बहुतेक प्रौढांना सात तास तरी झोप लागते. ती कापून वाचलेलं दुसऱ्या दिवशी नीट आठवतही नाही, कारण दिवसभराचं आठवणीत बसवण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. गुरुचरित्राच्या सप्ताहात रोज किती अध्याय हे आधीच ठरलेलं असतं. इतर वाचनालाही असा वाटा नेमून द्यावा.

किती पुरे?

वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प, न वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीकडे पाहून वाटणारा अपराधीपणा, हेही शरीराला जाचतं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वर्षांच्या काळात पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळला. वाचनामुळेच आयुष्य वाढलं, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण त्यातला एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत वाचणाऱ्यांमध्येही धोका १७ टक्के कमी होता; त्याहून जास्त वाचणाऱ्यांमध्ये तो २३ टक्के कमी होता. साडेतीन तास म्हणजे रोजचा अर्धा तास. मोठा फरक दिसतो तो न वाचण्यातून रोज थोडं वाचण्याकडे येताना.

आणि कधी वाचनच होत नाही. आजारपणात, एखादं माणूस गेल्यावर, कामाच्या ओझ्याखाली तीच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नका. जाड ग्रंथ बाजूला ठेवा, लहानपणी आवडलेलं काही घ्या, किंवा कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच लक्ष लागत नसेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते आळसाचं नव्हे, नैराश्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

मान बरी व्हायला मला तीन आठवडे लागले. आता खिडकीजवळ एक खुर्ची, समोर तिरका टेकवलेला पाट आणि साडेदहाचा गजर आहे. वाचन कमी झालेलं नाही. दुखणं मात्र परतलेलं नाही.

तुम्हीही या रविवारी पुस्तकाच्या आधी वाचायची जागा ठरवा. उजेड पाहा, पुस्तक टेकवायला काही शोधा, थांबायची वेळ घरात सांगून ठेवा. आणि हा लेख इथंच संपतो, तेव्हा आता पुरवणी खाली ठेवा, उठून खिडकीपाशी जा आणि दिसेल ते सर्वांत लांबचं झाड थोडा वेळ पाहा.