जंगल परतलं, माताबुएय मागेच राहिली

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या वायव्येला चुनखडीच्या टेकड्या गवताच्या गंजींसारख्या उभ्या आहेत. याच भागात, ग्वाहाताका नदीच्या घळीच्या परिसरात ‘गोएत्झिया एलेगान्स’ हे मोठं झुडूप वाढतं. पानं गडद, तुकतुकीत. लांब देठांवर नरसाळ्यासारखी नारिंगी-पिवळी फुलं खाली लोंबतात आणि पुंकेसर पाकळ्यांबाहेर डोकावतात. नंतर गोल नारिंगी फळं धरतात. ती विषारी असल्याचा समज आहे. म्हणून स्थानिक नाव ‘माताबुएय’, म्हणजे बैल मारणारी.

गोएत्झिया या प्रजातीत जाती दोनच. दुसरी, गोएत्झिया एकमनाय, शेजारच्या हिस्पानिओला बेटावर आढळते. माताबुएयचं वांग्याशी नातं आहे, पण वांग्यात बियाच बिया, तर माताबुएयच्या फळात जेमतेम एक-दोन. अशा वेगळेपणामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्यासाठी स्वतंत्र कूळही कल्पिलं होतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र तिला वांगी, मिरची, टोमॅटो आणि धोतऱ्याच्या कुळात बसवलं. पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेतून गोव्यात आलेली मिरची आपल्या फोडणीत कायमची मुरली. तिच्या या नातलगाला मात्र स्वतःच्या बेटावरही जागा मिळेना.

ऊस, कॉफी आणि चराईसाठी पोर्तो रिकोतलं जंगल इतकं तोडलं गेलं, की १९४० च्या दशकाअखेर ते सुमारे सहा टक्क्यांवर आलं. पुढे लोक शेती सोडून कारखान्यांकडे वळले आणि पडीक रानांत झाडी पुन्हा माजली. आज निम्म्याहून अधिक बेट हिरवं आहे. तरीही माताबुएय आपोआप पसरली नाही. मोजक्या ठिकाणी, थोडीच झाडं आणि फळागणिक एक-दोन बिया. एवढ्या भांडवलावर दूरची टेकडी गाठणं कठीण. शिवाय चुनखडीसाठी आणि बांधकामांसाठी या टेकड्याच पोखरल्या जातात.

पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत येतं. अमेरिकी सरकारने १९८५ मध्ये माताबुएयला संकटग्रस्त ठरवलं. पण संकटग्रस्त जातींविषयीच्या संघीय कायद्यात एक पळवाट आहे. खासगी जमिनीवरही संकटग्रस्त प्राण्याला मारणं गुन्हा ठरतो. वनस्पती तोडण्याला मात्र तीच सरसकट बंदी नाही. रोपवाटिकेत रोपं तयार करता येतात, पण ती लावायची कुठे, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१७ मधल्या मारिया चक्रीवादळाने तर सगळं बेट झोडपून काढलं. मूठभर ठिकाणी उरलेल्या झुडपाला असं एखादं वादळही भारी पडू शकतं.

हिरवाईची टक्केवारी वाढली म्हणजे निसर्ग सावरला, असं मानून चालणार नाही. दुर्मीळ झाडं टिकवायची तर त्यांची टेकडी राखावी लागते आणि नवी रोपं माणसालाच लावावी लागतात.