आवाज वाढला, गाडी तेवढीच

भाचा अकोल्याहून निघाल्याचं मला फोनवर कळलं होतं. तो अमरावतीत पोचल्याचं मात्र सगळ्या गल्लीला एकदमच कळलं. २०१४ सालची, पण त्याच्यासाठी नवीकोरी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय फाटकासमोर धडधडत उभी होती आणि समोरच्या काकू गॅलरीतून खाली डोकावत होत्या.

"मामा, आवाज पाहा कसा येऊन रायला! कमीत कमी पंधरा एचपी वाढली."

गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते आणि पहिला खर्च झाला होता मागच्या सायलेन्सरवर.

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता चीड येते. बुलेटवाला म्हणतो, स्विफ्टवाला म्हणतो, गॅरेजवाला तर म्हणतोच, कारण त्याला सायलेन्सर विकायचा असतो. एक सांगून ठेवतो, गाडीत हात घालण्याच्या छंदाशी माझं वैर नाही. पोराने गाडीही पारखून घेतली आहे. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी. ही गाडी चाकणला बनायची. तिच्याहून तिखट पुंटो अबार्थ, १४५ पीएसची, रांजणगावला. आपल्या पोट्ट्यांना वेड लावणाऱ्या दोन हॅचबॅक पुणे जिल्ह्यातूनच निघाल्या. मुद्दा एवढाच की कान हे ताकद मोजायचं यंत्र नव्हे.

हिशोबच करू. एक्झॉस्टच्या तोंडापासून एक मीटरवर १०० डेसिबल आवाज येतो असं धरा. म्हणजे कानठळ्याच. त्या आवाजात ऊर्जा किती? सगळ्या दिशांनी पसरणारा मिळून साधारण एक दशांश वॅट. देवघरातला एलईडीचा झीरो बल्बही त्याहून जास्त खातो. एक पीएस म्हणजे ७३५ वॅट, तेव्हा भाच्याच्या इंजिनाचे १०५ पीएस झाले ७७ हजार वॅट. त्या ७७ हजारांपुढे दशांशभर आवाज सुटला किंवा दाबला गेला, इंजिनाला काय फरक पडणार? सायलेन्सर ताकद 'धरून' ठेवतो ही समजूत आकड्यांपुढे एक मिनिटही टिकत नाही.

मग पंधरा एचपी वाढल्यासारखी का वाटते? आवाज चढला की माणूस नकळत पाय जास्त दाबतो, गिअर उशिरा बदलतो आणि छातीत धडधड होते तिलाच वेग समजतो. भाचा ऐकेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गेलो. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत घातली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्याआधी अनेक वर्षं त्या रस्त्याने आमच्या कमरेचे जे हाल केले त्यांची नोंद कुठेच नाही, ते असो. रिकामा रस्ता, गिअर तिसऱ्यात ठेवलेला, ४० वरून ८० पर्यंत जायला किती वेळ लागतो ते मी स्टॉपवॉचवर पाच वेळा मोजलं. मग मित्राच्या गॅरेजमध्ये जुना सायलेन्सर परत बसवला आणि दुसऱ्या पहाटे त्याच रस्त्यावर पुन्हा पाच वेळा. जो काही फरक आला तो माझ्या अंगठ्याच्या चुकीइतका होता. ही काही प्रयोगशाळा नव्हे. नीट मोजायचं तर डायनोवर न्यावी लागते. पण पंधरा एचपी अशी अंगठ्यात लपत नाही.

"बाप्पा," भाचा म्हणाला. "मंग त्यानं कायले सांगितलं?"

कायले ते त्यालाच माहीत. पण पोरगं पूर्ण चुकलेलंही नव्हतं, आणि इथे दुसऱ्या टोकाचे शहाणे उगवतात. ते म्हणतात, इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच, मोकळं केलं की टॉर्क जातो. टर्बो गाडीत हेही खरं नाही. टर्बोची चक्की जळालेल्या वायूच्याच वाटेत बसलेली असते; तिच्या पुढची वाट जितकी मोकळी तितकं तिला बरं. पण ती वाट अडते मुख्यतः टर्बोला लागून असलेल्या पाइपात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. शेवटचा डबा त्यात नावापुरता. म्हणजे खरी ताकद हवी असेल तर कॅट काढायचा आणि ईसीयू रीमॅप करायचा. त्यातला रीमॅप टर्बो इंजिनात खरंच काम करतो, कारण बूस्ट वाढवता येतो. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात तोच रीमॅप म्हणजे बहुतेक वेळा पैशाला चुना.

आता कॅट काढण्याचा अर्थ. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निरुपद्रवी करण्याचं काम तोच करतो. तो गेला की मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मग ट्यूनर तो सेन्सरच सॉफ्टवेअरमधून आंधळा करतो. चोर पकडायचा सोडून कुत्र्याचं तोंड बांधल्यासारखं. आणि टॉर्क किती वाढवायचा यालाही कुंपण आहे: या पोलोतल्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन मीटर. 'स्टेज टू' म्हणून कुणी त्याच्या जवळपास नेऊन ठेवत असेल तर दहा वर्षं जुन्या क्लचचं बिल आधी विचारून घ्या.

भाच्याच्या यादीत पुढचा होता 'कोल्ड एअर इन्टेक', म्हणजे बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा फिल्टर. नावात कोल्ड असलं तरी अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ पार जातो आणि बंद बॉनेटखाली त्याहून किती तरी वर. बाहेरची ४५ अंशांची हवा ६५ अंशांची होऊन आत गेली तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. तितका ऑक्सिजन कमी. कंपनीने दिलेला डबा ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. तो काढून आपण तप्त हवेचा घोट पाजतो आणि सूं-सूं आवाज आला की खूश होतो. हे फिल्टर बहुतेक तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचे असतात. वऱ्हाडच्या माणसाला परक्या देशातून कापूस विकत घ्यायला लावणाऱ्याचं मात्र कौतुक केलं पाहिजे.

कायद्याबद्दल दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. पहिला: आरसी माझ्या नावावर, गाडी माझी, काय वाट्टेल ते करीन, पकडलं तर पाचशे रुपये. दुसरा: सुप्रीम कोर्टाने सगळंच मॉडिफिकेशन बंद केलं, आता सीट कव्हरही लावता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ एकदा वाचलं की दोन्ही गळून पडतात. नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, एवढं ते कलम म्हणतं. त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय तेही दिलंय: वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या आरटीओच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आणि उच्च न्यायालयाचा उलटा निकाल रद्द केला. सीट कव्हर, स्पीकर, चांगले ब्रेक पॅड यांचा त्यात संबंध नाही. छत कापणं, इंजिन बदलणं यांचा आहे. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

'पाचशे रुपये' कुठून आले कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ए सांगतं की परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचा. आवाज आणि धुराचं कलम वेगळं, १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. कारसाठी चालत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. महाराष्ट्रात किती तरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडून त्यावर रोडरोलर फिरवला, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. बहुतेक बुलेटचे होते हे खरं, पण रोडरोलर भेद करत नाही.

"पीयूसी हाये ना माह्याकडं!" असेल बाबा. पीयूसी धूर तपासते. तिला कान नसतात.

जुनी गाडी घेणाऱ्याने विम्याकडे जास्त लक्ष द्यावं. गाडी नावावर झाली म्हणजे विमाही आपोआप झाला, असं बहुतेकांना वाटतं. कलम १५७ प्रमाणे फक्त थर्ड पार्टी आपोआप सरकतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण नव्हे. म्हणून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. भाच्याने केला नव्हता. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. आणि लावलेली वस्तू पॉलिसीत सांगितलीच नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर ती पहिल्यांदा पाहणार. तेव्हा त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवू नये.

बाकीचं झटपट. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलने साध्या ट्यूनच्या गाडीत ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याचा गुण, त्यात जास्त ऊर्जा नसते. एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी १००/९० घातला तर वायरिंग तापतं आणि समोरून येणारा ट्रकवाला आंधळा होतो. स्प्रिंग कापून गाडी 'लो' करू नका, कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात ते कळेल, पण उशिरा. काचेतून पुढेमागे ७० आणि बाजूने ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. ऊन वऱ्हाडचं आहे म्हणून सूट नाही. १८५/६० आर१५ च्या जागी १९५/६० घातले की चाकाचा व्यास ६०३ वरून ६१५ मिलिमीटर होतो, म्हणजे मीटरवर १०० दिसताना गाडी दोनने जास्त धावत असते.

टायरवरून आठवलं. भाचा म्हणाला, "टायर मस्त हायेत, नक्षी पाहा ना."

नक्षी खरंच चांगली होती. मी त्याला मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितला आणि टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी असलेले चार आकडे शोधायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो फाटकासमोर उकिडवा बसला, बोटाने धूळ पुसली आणि मोठ्याने वाचलं, "तीन, पाच, एक, सहा."

पस्तिसावा आठवडा, २०१६. समोरच्या काकू अजून गॅलरीतच होत्या. "आता आवाज कायले बंद केला?" त्यांनी विचारलं.