प्रकाश किती आला?

फुलफ्रेम घ्यावा की क्रॉप सेन्सर? भिगवणच्या होडीत, ताडोब्याच्या गेटवर पहाटे जिप्सींच्या रांगेत, फोटोग्राफी क्लबांच्या बैठकीत हा विषय निघाला की तास कसा जातो कळत नाही. मेगापिक्सेल, डायनॅमिक रेंज, कोणत्या बॉडीत कोणाचा सेन्सर आहे, सगळं बोलून होतं. राहून जातो तो एकच साधा प्रश्न: फोटो काढताना प्रकाश किती गोळा झाला? कॅमेऱ्यांविषयीचे बरेचसे वाद या प्रश्नाचं उत्तर काढलं की मिटतात आणि ते उत्तर बॉडीपेक्षा लेन्समध्ये सापडतं, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का, हे इथे आकड्यांनिशी मांडतो.

सुरुवात नॉइजपासून करू. कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे ते दाणे म्हणजे कॅमेऱ्याचा दोष, असं आपण धरून चालतो. पण प्रकाश सलग धारेने येत नाही, फोटॉन या कणांनी येतो आणि हे कण वेळापत्रक पाळत नाहीत. वळवाचा पाऊस सुरू होतो तेव्हा अंगणातल्या शहाबादी फरश्यांकडे पाहावं. सगळ्या फरश्या सारख्या, पाऊसही तोच, तरी पहिल्या मिनिटात एकीवर सात थेंब पडलेले असतात तर शेजारचीवर बारा. सेन्सरच्या पिक्सेलचंही असंच होतं. सरासरी १०० फोटॉन यायचे असतील, तर प्रत्यक्षात येणारा आकडा साधारण १० ने मागेपुढे होतो, म्हणजे दहा टक्क्यांनी. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. संख्येच्या वर्गमुळाइतका हा चढउतार प्रकाशाच्या अंगीच असतो. कितीही उत्तम कॅमेरा आणला तरी तो जात नाही. तो कमी करायचा उपाय एकच, जास्त फोटॉन गोळा करणं.

ही गोष्ट डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. वॉल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये निर्वात नळ्यांतल्या विद्युतप्रवाहातला असा चढउतार मांडला होता. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीत टेलिव्हिजनच्या कॅमेरा ट्यूबवर काम करणाऱ्या अल्बर्ट रोझ यांनी १९४० च्या दशकात ट्यूब, फिल्म आणि माणसाचा डोळा, तिन्ही एकाच मापाने मोजले. किती फोटॉन आले आणि त्यातले किती उपयोगी पडले, हे ते माप. एखादी गोष्ट खात्रीने ओळखू यायची तर तिचा संदेश नॉइजच्या सुमारे पाचपट हवा, हा त्यांचा निकष आजही प्रतिमाशास्त्रात वापरतात. माझ्या मते कॅमेऱ्याच्या कोणत्याही चर्चेत रोझ यांचं नाव सेन्सर बनवणाऱ्यांच्या आधी यायला हवं.

मग सेन्सर बनवणाऱ्यांनी काय केलं? प्रकाशाच्या नॉइजवर कॅमेरा स्वतःचा जो नॉइज चढवतो, तो त्यांनी पन्नास वर्षांत जवळजवळ पुसून टाकला. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी तसा सीसीडी वापरून हातात उचलता येईल असा कॅमेरा जुळवला. तो साडेतीन किलोच्या वर होता, प्रतिमा १०० बाय १०० पिक्सेलची आणि ती कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. रंग मिळवण्यासाठी पिक्सेलवर हिरव्या, लाल, निळ्या फिल्टरची जी जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते, तिचं पेटंट कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांना १९७६ मध्ये मिळालं.

या इतिहासातलं जे नाव हौशी मंडळींच्या तोंडी क्वचित येतं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८० च्या सुमारास जपानच्या एनईसी कंपनीत नोबुकाझू तेरानिशी यांनी फोटोडायोडची रचना अशी बदलली की जमलेला विद्युतभार पूर्णपणे बाहेर काढता येऊ लागला. त्याआधी थोडा भार मागे राही आणि पुढच्या चित्रात त्याची सावली उमटे. पुढे १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने प्रत्येक पिक्सेलमध्येच प्रवर्धक बसवणारा सीमॉस सेन्सर विकसित केला. तेरानिशींचा फोटोडायोड आणि फॉसम यांचा सीमॉस एकत्र आले आणि पिक्सेल रिकामा असताना एकदा, भरल्यावर पुन्हा एकदा मोजून वजाबाकी करणं स्वस्तात शक्य झालं. त्या वजाबाकीत सर्किटचा बराचसा नॉइज निघून जातो. २००७ मध्ये सोनीने पिक्सेलच्या प्रत्येक स्तंभाला स्वतंत्र मोजणी-सर्किट दिलं. नंतर तारांचं जाळं पिक्सेलच्या मागच्या बाजूला गेलं आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. फुलफ्रेममध्ये असा सेन्सर २०१५ मध्ये सोनीच्या ए७आर २ मधून आला. बॉइल आणि स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. २०१७ चं क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिक स्मिथ, तेरानिशी, फॉसम आणि मायकेल टॉम्पसेट यांना विभागून देण्यात आलं.

आता सुधारायला किती जागा उरली आहे, ते आकडे मांडून पाहू. पकडलेल्या प्रत्येक फोटॉनमागे पिक्सेलमध्ये एक इलेक्ट्रॉन जमतो. समजा एका पिक्सेलमध्ये आयएसओ १०० ला ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात. आयएसओ ६४०० ला प्रकाश ६४ पटींनी कमी घेतला जातो, म्हणजे सर्वांत उजळ भागालाही फक्त ७८० च्या आसपास इलेक्ट्रॉन. मध्यम करड्या भागात सुमारे १०० आणि त्याहून चार स्टॉप खालच्या, म्हणजे सोळापट कमी प्रकाशाच्या सावलीत जेमतेम सहा. या सहांचा स्वतःचा चढउतार अडीचचा. जुन्या सीसीडी बॉडीची मोजणीच दहा इलेक्ट्रॉनांनी चुके. चढउतारांची बेरीज वर्गांनी होते, म्हणून एकूण नॉइज दहाच्या वर जाई आणि सावलीतलं सगळं बुडून जाई. आजच्या चांगल्या सेन्सरची चूक दीड इलेक्ट्रॉनची धरली तर एकूण नॉइज २.९ येतो. उद्या कोणी अजिबात न चुकणारा सेन्सर बनवला तरी तो २.५ च्या खाली जाणार नाही. बॉडी बदलून मिळेल ती सुधारणा २.९ पासून २.५ पर्यंत, एवढीच. येणाऱ्या फोटॉनांपैकी किती पकडले जातात, त्यातही फार वाव नाही. हिरव्या प्रकाशात आजचे सेन्सर अर्ध्याहून अधिक फोटॉन पकडतात, म्हणजे शंभर टक्के पकडले तरी एक स्टॉपही पदरात पडत नाही.

आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो, ही समजूतही यामुळे ढासळते. शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर ठरलं की प्रकाश ठरला. त्यानंतरचा आयएसओ म्हणजे फक्त प्रवर्धन. हे घरी तपासता येतं. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, तेच शटर, तेच अ‍ॅपर्चर ठेवून रॉ मध्ये एक फोटो आयएसओ ६४०० ला काढा, दुसरा आयएसओ ८०० ला. दुसरा काळपट येईल. तो संगणकावर तीन स्टॉप उजळा आणि दोन्ही शेजारी ठेवा. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक बॉडींवर फरक शोधावा लागतो. सुरुवात १०० ऐवजी ८०० पासून करायला सांगतो, कारण अनेक नव्या सेन्सरमध्ये प्रवर्धनाचे दोन टप्पे असतात आणि त्यामधली पायरी साधारण त्याखाली येते.

प्रकाश लेन्समधून येतो आणि किती येतो ते लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर दिसणाऱ्या छिद्रावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागा, छिद्राचा व्यास मिळाला. मायक्रो फोर थर्ड्ससाठीची ऑलिंपसची ३०० मिमी एफ/४ लेन्स घ्या: ७५ मिमी. त्या छोट्या सेन्सरवर ती फुलफ्रेमच्या ६०० मिमीइतकं जवळचं चित्र देते. फुलफ्रेमवर सोनीची २००-६०० झूम टोकाला एफ/६.३ ची आहे, छिद्र ९५ मिमी. त्याच अंतरावरच्या त्याच फ्लेमिंगोकडून त्याच शटर स्पीडला दुसरी लेन्स पहिलीच्या १.६ पट प्रकाश गोळा करते. आता वजनं पाहा: १२७० ग्रॅम आणि २११५ ग्रॅम. प्रमाण जवळजवळ तेच. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्सचं २२५, म्हणजे जवळपास चौपट, हा फरक फोटोत चौपट दिसत नाही तो यासाठी. चौपट प्रकाश हवा असेल तर ६०० मिमी एफ/४ घ्यावी लागेल, छिद्र १५० मिमीचं, वजन तीन किलो, आणि किमतीत एक चांगली मोटार येते.

मोठ्या सेन्सरचे फायदे खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. कास पठारावर किंवा एखाद्या गडाच्या कड्यावर ट्रायपॉड लावून निसर्गचित्र काढताना प्रकाश भरपूर असतो, वेळही असतो. तिथे मोठा सेन्सर एकूण जास्त इलेक्ट्रॉन साठवतो आणि सावल्यांत स्वच्छ चित्र देतो. शिवाय फुलफ्रेमसाठी मोठ्या छिद्राच्या लेन्स मुळातच अधिक बनतात. पण क्रॉप बॉडीवर ३५ मिमी एफ/१.४ आणि फुलफ्रेमवर ५० मिमी एफ/२ लावली तर दोन्हींचं छिद्र २५ मिमीचं. चित्राचा कोन, मागची धूसरता, नॉइज, तिन्ही जवळजवळ सारखे येतात.

काचेतून प्रकाश आत येण्याची गोष्टही सोपी नाही. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो. त्या २००-६०० मध्ये २४ काचा १७ गटांत आहेत, म्हणजे हवेला लागलेली ३४ पृष्ठं. कोटिंगशिवाय त्यातून जेमतेम पाव प्रकाश पार झाला असता आणि उरलेल्यातला बराच आत इकडेतिकडे आपटून चित्र पांढुरकं करून गेला असता. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा पातळ थर शोधला आणि त्यानंतरच इतक्या काचांची झूम व्यवहार्य झाली. परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं तर त्याच ३४ पृष्ठांतून ८४ टक्के प्रकाश येतो.

फोनचं काय? त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र चार-पाच मिलिमीटरचं. म्हणून फोनने वेळेचा आधार घेतला. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आणलं, त्यात एकामागून एक अनेक फ्रेम जुळवून बेरीज केली जाते. नऊ फ्रेम जोडल्या की नॉइजच्या तुलनेत चित्र तिप्पट स्वच्छ. सह्याद्रीतून आकाशगंगा टिपणारे हौशी लोक स्टॅकिंग करतात ते हेच. आंबोलीच्या पावसाळी रात्री, जगात फक्त तिथेच सापडणारा आंबोली टोड टिपणाऱ्यांनी तिसरा मार्ग धरला आहे. मॅक्रोमध्ये संपूर्ण प्राणी फोकसमध्ये यावा म्हणून एफ/११ लागतं, एकास एक प्रमाणात ते प्रत्यक्षात एफ/२२ इतकं पडतं आणि प्रकाश उरतच नाही. मग फ्लॅश आणि त्यापुढे डिफ्युझर. तिथे चांगला डिफ्युझर महागड्या बॉडीला सहज मागे टाकतो.

सेन्सरचं संशोधन थांबलेलं नाही, पण त्याची दिशा आता वेगाची आहे. निकॉन झेड९ मध्ये २०२१ मध्ये यांत्रिक शटरच काढून टाकलं. सोनी ए९ ३ ने २०२३ मध्ये संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर आणला, आणि त्याची किंमतही मोजली. त्याचा किमान आयएसओ २५० आहे, कारण पिक्सेलमध्ये साठवणीला जागा कमी उरते. खंड्याचा पाण्यातला सूर टिपायचा असेल तर हा वेग खरोखर उपयोगी आहे. स्थिर बसलेल्या घुबडाला त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा मर्यादित पैशांत माझा सल्ला स्पष्ट आहे. बॉडी पाच-सात वर्षं जुनी घ्या, शटर काउंट तपासून वापरलेली घेतली तरी चालेल. पैसे काचेत घाला. किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ असते, छिद्र दहा मिलिमीटरहूनही थोडं कमी. दहा-पंधरा हजारांत मिळणाऱ्या ५० मिमी एफ/१.८ चं छिद्र २८ मिमीचं. म्हणजे पणत्यांच्या उजेडात तुमच्या मुलांच्या चेहऱ्यावरून आठपट प्रकाश. एवढी झेप कोणतीही नवी बॉडी देत नाही. आणि घेतलेली काच सांभाळा. आपल्याकडचा पावसाळा, विशेषतः मुंबई-कोकणातला, लेन्समध्ये बुरशी आणतो आणि ती कोटिंग खाते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरा. जुनी लेन्स विकत घेताना मागून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरेदीला निघण्याआधी एक संध्याकाळ काढा. आपल्याकडच्या प्रत्येक लेन्सचं छिद्र वहीत मांडा आणि त्यापुढे तुम्हाला काय टिपायला आवडतं ते लिहा. जिथे छिद्र कमी पडतं तिथे पैसे लावा. कुठेच कमी पडत नसेल तर तेच पैसे आंबोलीच्या किंवा ताडोब्याच्या प्रवासाला ठेवा.