निम्म्या पॉटचा हिशेब

तीन पत्तीत ‘मुफलिस’ खेळलेल्या माणसाला पोकरमधला ओमाहा हाय-लो निम्मा आधीच येत असतो. मुफलिसमध्ये सर्वांत हलका हात जिंकतो. इथे भारी आणि हलका हात पॉट अर्धा-अर्धा वाटून घेतात. आमच्याकडे मुलुंड पूर्वेला गणपतीच्या जागरणात मेंढीकोट आणि जजमेंटच्या जोडीला हा खेळ भाच्याने आणला. पैसे नाहीत, चिंचोके.

प्रत्येकाला चार पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. हात बांधताना आपल्या चारातले दोनच आणि मधले तीनच घ्यायचे. मध्ये चार इस्पिक पडले आणि तुमच्याकडे इस्पिकचा एकटा एक्का असला, तरी फ्लश नाही. नवशिक्यांच्या टेबलावर सतत ऐकू येतं ते हेच: ‘मामा, हातातले दोन दाखवा.’

हलक्या हाताची, म्हणजे लोची, अट कडक. पाचही पत्ते वेगवेगळे हवेत आणि अठ्ठीच्या वर एकही नको. एक्का इथे सर्वांत लहान. सिक्वेन्स वा फ्लश झाल्याने लो बिघडत नाही, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वांत हलका हात. दोन लोंमध्ये कोणता जिंकला ते बघायला पत्ते मोठ्याकडून लहानाकडे एका आकड्यासारखे वाचायचे: ७६,५४२ हा ८७,३२१ पेक्षा लहान, म्हणून तो वरचढ. मध्ये लोच्या लायकीचे तीन वेगळे पत्ते आलेच नाहीत, तर अख्खा पॉट हायवाल्याचा.

नियम तासाभरात कळतात. खरी गंमत वाटणीत आहे. एक डाव सांगतो. मध्ये अठ्ठी, सत्ती, तिर्री आणि दोन राजे. तिघे शेवटपर्यंत टिकले, प्रत्येकाचे २० चिंचोके आत, पॉट ६०. माझ्या बहिणीकडे एक्का, दुर्री, राजा, राणी. शेजारच्या काकांकडे एक्का, दुर्री, गुलाम, दश्शी. भाच्याकडे दोन अठ्ठ्या, नव्वी, दश्शी. तीन अठ्ठ्या आणि दोन राजे, असं फुल हाउस करून भाच्याने हायचे ३० उचलले. एक्का-दुर्रीचा लो त्या बोर्डवर सर्वोत्तम होता, पण तो दोघांकडे निघाला. म्हणून उरलेल्या तिसांचे पुन्हा दोन भाग: प्रत्येकी १५. वीस घालून पंधरा परत. ‘अहो, पण मी जिंकलोय ना?’ काका विचारत राहिले. जिंकले होते, पाच चिंचोके घालवून!

याचा अर्थ एवढाच की या खेळात अर्ध्यासाठी खेळू नये. दोघेच उरले असतील, तर अर्धा पॉट म्हणजे आपलेच चिंचोके आपल्याला परत. चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. उचलताच बघायचं की त्यांतल्या किती कामाच्या आहेत आणि हाय-लो दोन्हीकडे जाण्याची वाट आहे का. एक्का, दुर्री, तिर्री आणि एक्क्याच्याच रंगाचा राजा हा झकास हात. तिर्री त्यात विम्यासारखी असते: मध्ये दुर्री आली की नुसत्या एक्का-दुर्रीवाल्याचा लो ढासळतो, तिर्रीवाला तरतो. उलट सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी दिसायला सलग, पण माझ्या मते मोह पाडणारा सर्वांत वाईट हात. नव्वी लोला चालत नाही, अठ्ठीचा लो सहसा हरतो, आणि मध्ये सिक्वेन्सजोगे लहान पत्ते आले की अर्धा पॉट कोणीतरी लोवाला नेतो. मुफलिसमधली ‘ब्लाइंड’ची मर्दुमकी इथे उपयोगाची नाही. इथे पॅक करायला शिकावं लागतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला आणि बड्या पोकर अ‍ॅपांनी पैशांचे डाव थांबवले. पैसे लावून जुगाराचा अड्डा चालवणाऱ्यांसाठी १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा पूर्वीपासून आहेच. त्यामुळे शिकायचं तर घरी आणि चिंचोक्यांवरच शिका. सुरुवातीचे काही डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळा, आणि वाटणी दरवेळी नव्या माणसालाच करायला लावा.