जुनी स्पोर्ट मोटार आणि मद्यार्क

आपल्याकडे मळीपासून इतका मद्यार्क निघतो, मग जुनी स्पोर्ट मोटार त्याच्यावर का धावू नये, असे पुष्कळजण विचारतात. धावते, पण टाकीत नुसता मद्यार्क ओतून नव्हे.

१९६२ साली इंग्लंडात निघालेली एमजीबी घ्या. तिला दोन एसयू कार्ब्युरेटर असत. एक भाग पेट्रोल पुरते जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; मद्यार्काला अवघी ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन दीडपटीहून अधिक गेले पाहिजे. एसयूमध्ये हे काम एका निमुळत्या सुईकडे असते. सुई बारीक घेतली की तिच्याभोवतीची फट वाढते. तेवढ्याने भागले नाही तर जेटही मोठे घालावे लागते. येथे हयगय झाली, इंधन कमी पडले, की झडपा जळतात, पिस्टनलाही भोक पडते, आणि हौस चांगलीच महागात जाते.

मद्यार्क टाकीतला जुना चिकटा सोडवतो, गाळणी तुंबते. जुने रबरही फुगते. गारठ्यात तर इंजिन सुरूच होत नाही. ब्राझीलने १९७९ पासून काढलेल्या मद्यार्काच्या मोटारींत यासाठी पेट्रोलची लहानशी टाकी निराळी असे.

ठोके न देता जास्त दाब सोसणे हा याचा मोठा गुण. म्हणून कोणी हेड तासून ८.८चा दाब ११-१२पर्यंत नेतात. मग साध्या पेट्रोलवर परतणे कठीण. मला विचाराल तर आधी सुई बदलून वर्षभर चालवावी. हेड कुठे पळून जात नाही.