भुकेची रेषा: पुणे ते हैदराबाद

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, 1980च्या दशकात आपली पाचवी जागतिक अन्न पाहणी प्रसिद्ध केली. 1979 ते 81 या काळात विकसनशील देशांत पोटाला पुरेसं न मिळणारे लोक किती होते, या एकाच प्रश्नाला त्या पाहणीत दोन उत्तरं आहेत: 33 कोटी 50 लाख आणि 49 कोटी 40 लाख. देश तेच, धान्य तेच, माणसंही तीच. शरीराला निव्वळ पडून राहण्यासाठी जी ऊर्जा लागते तिच्या 1.2 पटीपेक्षा कमी खाणारा उपाशी धरला की पहिला आकडा येतो, 1.4 पटीपेक्षा कमी खाणारा धरला की दुसरा. रेषा जराशी सरकली आणि जवळजवळ 16 कोटी लोक उपाशी ठरले किंवा उपाशांच्या यादीतून बाहेर पडले.

ही रेषा खाली ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे होते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांच्या मांडणीला ज्या शहरातून सर्वांत ठोस आकड्यांनी उत्तर मिळालं ते शहर हैदराबाद. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला परिकल्पना चाचणी आणि समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, हे दोन धडे असतात आणि परीक्षेपुरते पाठ करून मुलं ते विसरतात. या दोन धड्यांवर किती जणांच्या ताटातलं अन्न अवलंबून असू शकतं, हे पाहायचं तर पुणे-हैदराबादचा हा वाद पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे.

1911 साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन 1933 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी नेमान आणि एगॉन पिअर्सन यांचा परिकल्पना चाचणीवरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला होता. पिअर्सन यांचा विभाग कॉलेजात ज्या इमारतीत होता, तिथेच वरच्या मजल्यावर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर बसत, आणि या दोन मजल्यांमधून विस्तव जात नव्हता. सुखात्म्यांनी मात्र दोन्हीकडून शिकून घेतलं. पीएचडी नेमान-पिअर्सन यांच्या विभागात केली, आणि फिशर व येट्स यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात बेहरेन्स-फिशर चाचणीचं कोष्टक आहे ते सुखात्म्यांनी काढलेलं.

नेमान-पिअर्सन यांचा विचार थोडक्यात असा. आपण एक विधान खरं धरून चालतो, त्याला शून्य परिकल्पना म्हणायचं. मग पुरावा पाहून ते ठेवायचं की टाकायचं हे ठरवतो. इथे दोन चुका होऊ शकतात. विधान खरं असताना टाकलं, ही पहिल्या प्रकारची चूक. खोटं असताना ठेवलं, ही दुसऱ्या प्रकारची. हाताशी पुरावा तेवढाच असेल तर एक चूक कमी करताना दुसरी वाढते. रेषा कुठे आखली तर कोणती चूक किती होईल, हे गणित सांगतं. त्यातली कोणती चूक जास्त महागात पडते, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

भारतात परतल्यावर 1940च्या दशकात सुखात्म्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. शेतात चिठ्ठी टाकावी तसा एक तुकडा निवडायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याचा उतारा काढायचा. तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत आत धरण्याकडे झुकतो, आणि लहान तुकड्यात कडेचाच वाटा मोठा असतो. लहान तुकड्यांचा आग्रह धरणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात त्यावरून बरीच जुंपली. वि. गो. पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 साली आलं आणि शेतकी कॉलेजांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या.

1951 साली सुखात्मे एफएओच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून रोमला गेले. जगातली दोन तृतीयांश माणसं आयुष्यभर अर्धपोटी असतात, असं एफएओचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर सांगत आणि जग ते मान डोलावून ऐकत असे. 1961 साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचून सुखात्म्यांनी तो आकडा खाली आणला: प्रत्यक्ष कमी खाणारे 10 ते 15 टक्के, आणि आहाराचा कस धरला तर एक तृतीयांश ते निम्मे. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माणसामाणसाची गरज वेगळी असते. सगळे निरोगी आणि गरजेइतकं जेवणारे असले, तरी त्यांच्यातले निम्मे सरासरीच्या खालीच येणार. त्यांना उपाशी म्हणणं ही पहिल्या प्रकारची चूक झाली. या निबंधासाठी सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं.

इकडे हैदराबादची कहाणी 1918 साली निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरी संशोधनाने सुरू झाली. पुढे तिथे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना, 1958च्या सुमारास, ती हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाशेजारी तारनाक्याला आली आणि 1969 साली राष्ट्रीय पोषण संस्था झाली. साठच्या दशकात तिची सूत्रं डॉ. सी. गोपालन यांच्याकडे होती. 1972 साली देशातल्या आहाराची सतत मोजदाद करणारा राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागही इथेच सुरू झाला. त्याचे कार्यकर्ते गावोगाव ठरावीक मापांच्या वाट्यांचा संच घेऊन जात. काल कुणी किती भात, किती डाळ खाल्ली, हे घरातल्या बाईने तिच्या भांड्याच्या अंदाजाने सांगायचं आणि त्यांनी ते आपल्या वाटीच्या मापात उतरवून घ्यायचं.

आरंभी सुखात्मे आणि गोपालन एकाच बाजूला होते. 1968च्या आसपास संयुक्त राष्ट्रं प्रथिनांच्या येऊ घातलेल्या टंचाईची हाकाटी करत होती. मुलांना प्रथिनांची पावडर द्यायला हवी, असा सगळीकडे सूर होता. भात-डाळ, भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर बहुतेकांना प्रथिनं आपोआप पुरतात, खरी उणीव एकूण अन्नाची आहे, हे गोपालन यांनी हैदराबादच्या मुलांच्या आहारावरून सांगितलं, तर सुखात्म्यांनी आकडेवारीवरून. पुढे जगाने ते मान्य केलं.

वाट फुटली ती पुढच्या पावलावर. निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम करू लागले. बर्कलेचे शेल्डन मार्जेन यांच्या प्रयोगांतली थोड्या माणसांची रोजची मोजमापं त्यांनी तपासली. एकाच माणसाचं शरीर रोज सारखं वागत नाही, आणि आजचा आकडा कालच्या आकड्याशी बांधलेला असतो, असं त्यांना दिसलं. उद्याचा आकडा आजच्यावरून काढणारं रिग्रेशन त्यांनी बसवलं आणि 1978 साली ते मार्जेन यांच्याबरोबर प्रसिद्ध केलं. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मोठा होता. शरीर एका पट्ट्यात स्वतःला सावरून घेतं, कमी मिळालं तर कमीत भागवतं, आणि पट्ट्याच्या तळापर्यंत त्याचं काही बिघडत नाही.

हा पट्टा किती रुंद? सुखात्म्यांच्या हिशेबाने प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरतात याचं माप, सरासरीच्या सुमारे 15 टक्के. त्या वेळी मध्यम श्रमाच्या पुरुषाची गरज 2,800 कॅलरी धरत. 15 टक्के म्हणजे 420, त्याच्या दुप्पट 840, आणि वजा जाता उरतात 1,960. सुखात्म्यांची रेषा ही. हा माणूस नीट जेवतो आहे, ही इथे शून्य परिकल्पना. आकडा 1,960च्या खाली गेला तरच ती टाकायची, म्हणजे धडधाकट माणसाला चुकून उपाशी म्हणण्याची शक्यता शेकडा दोन-अडीचवर येते. पण ज्याची गरज 3,000 आहे आणि ज्याला 2,100वर दिवस काढावा लागतो, तो या चाचणीत पोटभर जेवलेला ठरतो. ती दुसऱ्या प्रकारची चूक, आणि ती किती वेळा होते हे या रेषेवरून कळत नाही.

1971 साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटमधून 2,250 कॅलरींवर दारिद्र्याची रेषा आखली होती. दहा वर्षांनी, 1981 साली, दांडेकर आणि सुखात्मे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त समोरासमोर आले. दोघे साताऱ्याकडचे, दोघेही संख्याशास्त्रज्ञ. सुखात्म्यांच्या टीकाकारांचा एक सवाल फार नेमका होता. कमी खाणं हा निव्वळ शरीराशरीरातला फरक असेल, तर तो श्रीमंत-गरीब पाहून यायला नको. प्रत्यक्षात घरचा खर्च वाढतो तशा कॅलरी वाढतात. कमी कॅलरींची माणसं गरिबांच्याच घरात सापडत असतील, तर हा योगायोगाचा खेळ नव्हे, खिशाचा परिणाम आहे.

1982 साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने सुखात्म्यांनी संपादित केलेला एक ग्रंथ काढला. त्यात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांचा ‘लहान पण निरोगी’ या सूत्राचा लेख होता. गरिबांची खुजी मुलं आजारी नव्हेत, कमी अन्नाशी जुळवून घेतलेली आहेत, असा त्याचा मथितार्थ. गोपालन यांनी पुढच्याच वर्षी सडकून उत्तर दिलं. लहान असणं गरिबांसाठी निरोगी आणि श्रीमंतांसाठी नाही, असं कसं, हा त्यांचा रोख मथळ्यातच होता.

वाद इथेच थांबला असता तर तो मतांचा राहिला असता. हैदराबादने मात्र त्याला मोजणीवर आणलं. 1977 साली पोषण संस्थेच्या के. सत्यनारायण आणि सहकाऱ्यांनी सुरुंगाचे फ्यूज तयार करणाऱ्या कारखान्यातल्या पन्नासहून अधिक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रत्येकाचं वजन, उंची आणि प्रत्यक्ष हातून निघालेलं काम त्यांनी ताडून पाहिलं. जास्त वजनाच्या कामगाराच्या हातून काम जास्त निघत होतं. कुणी म्हणेल, तो उंचही असेल, उंचीचा फायदा असेल. म्हणून उंचीचा परिणाम गणिताने वेगळा काढला, तरी वजनाचा संबंध टिकून राहिला. लहान अंगाची किंमत मजुरीत मोजावी लागते, याचा हा पुरावा होता.

पण रिग्रेशनची एक मर्यादा इथे लपत नाही. वजन जास्त म्हणून काम जास्त, की काम जास्त म्हणून कमाई, कमाई म्हणून अन्न आणि अन्नामुळे वजन? एका वेळची मोजणी हे सांगू शकत नाही. त्यासाठी कुणाला आधी अन्न मिळालं आणि नंतर काय झालं, हे पाहावं लागतं.

तशी संधी हैदराबादजवळच्या खेड्यांत मिळाली. 1987 ते 1990 या काळात अंगणवाडी योजना टप्प्याटप्प्याने पसरत होती. काही गावांत ती पोचली होती, शेजारच्या गावांत यायची होती. पोचलेल्या गावांत मक्या-सोयाबीनच्या पिठाचा, सोयातेलात केलेला उपमा मिळे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सुमारे 500 कॅलरींचा, सहा वर्षांखालच्या मुलांना सुमारे 300 कॅलरींचा. तेव्हा जन्मलेली मुलं 13 ते 18 वर्षांची झाल्यावर पोषण संस्था आणि ब्रिटिश संशोधक त्यांच्यापर्यंत परत गेले. 29 गावांतल्या 1,165 मुलामुलींची मोजमापं झाली आणि निष्कर्ष 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले.

उपमा मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी 14 मिलिमीटर उंच होती आणि 95 टक्के विश्वासाचा पट्टा 4 ते 23 मिलिमीटरचा होता. शून्य त्या पट्ट्याच्या बाहेर पडतं, म्हणून फरक नाही ही परिकल्पना टाकता येते. उंचीपेक्षा महत्त्वाचं पुढे होतं. या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सुमारे 20 टक्के कमी होता आणि धमन्यांचा ताठरपणाही कमी होता. रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांत ठळक फरक दिसला नाही, आणि अभ्यासकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, त्यामुळे घरची परिस्थिती हिशेबात धरावी लागली. एका गावची मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून 1,165 जणांना सुटे-सुटे मोजूनही चालत नव्हतं. इतक्या चाळण्यांतूनही उरलेला हा फरक होता. रोजच्या 300 कॅलरी गेल्या तर शरीर सावरून घेतं, पण त्याचं बिल पंधरा वर्षांनी धमन्यांत दिसतं.

सुखात्मे 1997 साली पुण्यात वारले, गोपालन 2019 साली शंभरी पार करून. सुखात्म्यांची अर्धी गोष्ट आज सगळे मानतात: सरासरी ही कुणा एकाची गरज नसते आणि तिच्याखालच्या प्रत्येकाला उपाशी म्हणता येत नाही. उरलेली अर्धी, की पट्ट्याच्या तळाशी जगण्याची काही किंमत मोजावी लागत नाही, ही स्वतःच एक परिकल्पना होती, आणि ती एफएओच्या हिशेबात शिरली तेव्हा तपासून व्हायची होती. दोन प्रमाण विचलनं खाली जाणं हा गणिताचा निष्कर्ष नव्हता. धडधाकट माणसाला उपाशी म्हणण्याची चूक टाळायची आणि उपाशाला धडधाकट म्हणण्याची चूक सोसायची, असा तो निर्णय होता. सोसणारे मात्र निर्णय घेणारे नव्हते.

हैदराबादच्या संस्थेने 2020 साली भारतीयांच्या पोषणगरजा नव्याने ठरवल्या. त्यात जीवनसत्त्वं, खनिजं आणि प्रथिनं यांची शिफारस सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं वर ठेवलेली आहे, म्हणजे शंभरांतल्या सत्त्याण्णवांना ती पुरावी. थोडं जास्त गेलं तर फारसं बिघडत नाही, कमी पडलं तर बिघडतं, असा तिथे हिशेब. ऊर्जेसाठी मात्र सरासरीच ठेवली, बैठ्या कामाच्या पुरुषाला 2,110 कॅलरी, कारण जास्तीच्या कॅलरी आता लठ्ठपणा आणि मधुमेह घेऊन येतात. एकाच पुस्तकात रेषा दोन ठिकाणी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ती तिथे का, याचं कारण दिलेलं आहे. भुकेचा, गरिबीचा किंवा कुपोषणाचा पुढचा आकडा वर्तमानपत्रात दिसला की त्याच्याकडे तेवढंच मागावं: रेषा कुठे आखली, आणि ती चुकली तर भुर्दंड कुणाला.