पोट सुटलंय? पळू नका, आधी चाला

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असा आपल्याकडे जुना समज आहे. दिवसभर बैलामागं चालणाऱ्या पिढीच्या बाबतीत तो खरा होता. आज नांगरट ट्रॅक्टरनं होते, विहिरीवरची मोटार मोबाईलवर चालू होते आणि पारावर जायलाही मोटरसायकल लागते. तलाठी, ग्रामसेवक मंडळींचा तर बराच दिवस खुर्चीतच जातो. मग पोट सुटतं. रक्तदाब आणि साखर मागोमाग येतात.

शेतकरी बंधूंनो, आधी टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढं गेली असेल तर सावध व्हा. तिशी ओलांडलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. चालताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा पूर्वी हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांच्या चालण्यानं करा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. आठवड्यातले पाच दिवस धरले की १५० मिनिटं होतात. वेग किती ठेवावा? सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. बोलताना धाप लागली तर सावकाश व्हा. सुरुवातीची व शेवटची काही मिनिटं हळू चाला. जेवल्याबरोबर नको, भर उन्हात नको. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

खरा धोका एकदम ताकद लावण्यात आहे. चार महिने बसून काढायचे आणि पेरणी आली की ४५ किलोचं युरियाचं पोतं दम कोंडून उचलायचं, यात रक्तदाब झटकन चढतो. पोतं दोघांनी उचला, उचलताना श्वास सोडा. हंगामाच्या महिना-दोन महिने आधीच चालायला लागा.

छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, यातलं काहीही झालं तर जागीच थांबा, खाली बसा आणि १०८ ला फोन लावा. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधीकधी छातीत न दुखताही झटका येतो.

सरपंच, ग्रामसेवकांनी एवढं करावं: शाळेच्या मैदानाभोवती चालण्यापुरती वाट साफ ठेवावी आणि बाजाराच्या दिवशी आरोग्य सेविकेकडून रक्तदाब तपासणी ठेवावी. आणि चालणं सुरू झालं म्हणून रक्तदाबाची गोळी कुणी परस्पर बंद करू नये.